विचारा की! – म्युंडनला जायचंय, पण...

गेल्या अंकात मी जर्मनीतल्या हान म्युंडन नावाच्या छोट्या गावाबद्दल लिहिलं होतं. जेमतेम दोन पानं होती, पण प्रश्न इतके आले की संपादक म्हणाले आता या महिन्याचं सदर तुमच्याच गळ्यात, निस्तरा. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, माझी भाची कासेलला शिकते, तिच्याकडं मी दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा तिथनं रेल्वेनं वीसेक मिनिटांवर असलेल्या या गावात मुक्काम केला. वेरा आणि फुल्डा अशा दोन नद्या तिथं भेटतात आणि पुढं वेझर नावाची तिसरीच नदी सुरू होते. लोकवस्ती २४ हजारांच्या आसपास, आणि सातशेच्या वर जुनी लाकडी सांगाड्याची घरं. बस, एवढंच लिहिलं होतं. आता तुमचे प्रश्न घेते, आलेत त्याच क्रमानं नाही, मला सुचतील तसे.

प्रश्न: ताई, म्युंडन म्हणजेच म्युनिक ना? मुलानं म्युनिकचं हॉटेल बुक केलंय, तिथनं रिक्षानं वगैरे जाता येईल का? (राजारामपुरी)

अहो काकू, नाही हो! म्युनिक खाली दक्षिणेला आहे आणि म्युंडन देशाच्या मधोमध, दोन्हीत कोल्हापूर-मुंबईपेक्षाही जास्त अंतर आहे. म्युनिकहून फास्ट ट्रेननं कासेलला यायलाच साडेतीन तासांच्या आसपास लागतात. तुम्ही एकट्याच फसलाय असं समजू नका, जर्मन लोकसुद्धा फसतात म्हणूनच तर त्या गावाच्या नावाला पुढं 'हान' चिकटवलंय, हानोफरच्या राज्यातलं म्युंडन म्हणून. लिहितानाही 'हान' पुढं टिंब दिलेलं असतंय.

माझी गंमत ऐका. पहिल्या खेपेला मी फार शहाणपणा करून मोबाईलवर स्वतःच तिकीट काढायला बसले, यू वर दोन टिंबं कुठनं आणायची ते कळेना म्हणून नुसतंच टाईप केलं, समोर एक नाव आलं ते दाबलं आणि पैसे भरायच्या बेतात होते. भाचीनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, मावशी हे मिंडन आहे. म्हणजे तेही वेझरच्याच काठाला, तेही जुनं, पण पार उत्तरेला! म्युनिक, म्युंडन, मिंडन, तीन वेगळी गावं. तेव्हा नाव तीनदा वाचा. आणि अजून एक खोडा म्हणजे कासेलला दोन मोठी स्टेशनं आहेत. आपण 'मेन स्टेशन' म्हणून हौप्टबानहोफ शोधतो, पण लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या थांबतात विल्हेल्म्सह्योऽ नावाच्या दुसऱ्या स्टेशनला. तिकिटावर तेच नाव बघून घ्या.

हॉटेल कॅन्सल होत असेल तर करून टाका, नाहीतर म्युनिकच फिरून या, तेही वाईट नाही.

प्रश्न: आमच्या ह्यांचं म्हणणं, युरोपातली सगळी जुनी गावं एकसारखीच, एक बघितलं की झालं. तिथं वेगळं असं काय आहे? (शाहूपुरी)

ह्यांना एकदा चिखलीच्या प्रयागावर उभं करा आणि विचारा, इथं काय वेगळं आहे? कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशा पाच जणी येतात आणि तिथनं पुढं कुणाचंच नाव उरत नाही, पंचगंगा होते. म्युंडनला नेमकं हेच. गावाच्या टोकाला नदीत एक बेट आहे, टान्झव्हेर्डर म्हणतात, त्याच्या अगदी चोचीवर एक मोठा दगड उभा केलाय १८९९ मध्ये आणि त्यावर चार ओळी कोरल्यात, की वेरा आणि फुल्डा इथं एकमेकींचा मुका घेतात आणि त्यापायी दोघींना आपापली नावं गमवावी लागतात. मी भाचीकडनं अर्थ लावून घेतला आणि तिथंच बसले, म्हटलं ही आपलीच गोष्ट की, फक्त आपण प्रयागाला हात जोडतो आणि ह्यांनी मुका घ्यायला लावलाय. डावीकडनं फुल्डा येते, उजवीकडनं वेरा. त्या दगडापासनं वेझरचे किलोमीटर मोजायला सुरुवात होते, शून्य तिथं, आणि साडेचारशे किलोमीटर जाऊन ती उत्तरेच्या समुद्राला मिळते. भाषावाले तर म्हणतात की वेरा आणि वेझर ही मुळात एकाच नावाची दोन रूपं आहेत, म्हणजे वेरानं नाव तसं गमावलंच नाही, गेलं ते बिचाऱ्या फुल्डाचं!

आता घरांबद्दल. लांबनं सगळी सारखी दिसतात हे खरंय. पांढरी भिंत, काळ्या-तांबड्या लाकडाच्या चौकटी. पण जवळ जाऊन हात लावून बघा. ओकच्या लाकडाचा सांगाडा आधी उभा करायचा, आणि मधल्या रिकाम्या चौकोनात काटक्या विणून त्यावर चिखल-गवताचा गिलावा. म्हणजे आपला कूड! आजोळी भुदरगडात आमच्या परड्यातली गोठ्याची भिंत अशीच होती, पावसाळ्यात एका कोपऱ्यातनं माती गळून आतल्या कारवीच्या काटक्या दिसायच्या. म्युंडनच्या एका गल्लीत एका घराची दुरुस्ती चालू होती, तिथं अगदी तसाच उघडा पडलेला कोपरा बघितला आणि पाच मिनिटं हललेच नाही. वरचे मजले खालच्यापेक्षा थोडे पुढं काढलेले असतात, त्यामुळं अरुंद बोळात वर बघितलं तर समोरासमोरची दोन घरं कुजबुजताहेत असं वाटतंय. आणि पुढच्या आडव्या तुळईवर बांधणाऱ्याचं नाव, साल, देवाला उद्देशून एखादी ओळ कोरलेली. आपल्याकडं दारावर 'श्री गजानन प्रसन्न' आणि शके अमुक लिहितात ना, तसंच. सहाशे वर्षांच्या काळातली घरं आहेत, सालं वाचत फिरायचं, मला तर त्यातच अर्धा दिवस गेला. ह्यांना वाचनाची आवड असेल तर ह्यांचाही जाईल.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा आहे, जुन्या इमारती म्हटलं की तोंड वाकडं करतो. त्याच्यासाठी काही? (नागाळा पार्क)

त्याला कुकरची गोष्ट सांगा. खरंच. आपल्या प्रेशर कुकरचा मूळ पुरुष म्हणजे दनी पापँ नावाचा फ्रेंच माणूस, त्यानं १६७९ मध्ये वाफेचं घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं, वर जास्तीची वाफ सोडणारा व्हॉल्व्हसुद्धा त्याचाच. तर हा पापँ पुढं कासेलच्या राजाकडं नोकरीला होता, तिथं काही जमेना म्हणून १७०७ मध्ये बायकापोरं आणि सामान घेऊन स्वतः बनवलेल्या, वल्ह्याऐवजी चाकं लावलेल्या नावेतनं फुल्डावरनं निघाला, मनात होतं समुद्रापर्यंत जायचं आणि तिथनं लंडन. म्युंडनला पोचला आणि संपलं. कारण म्युंडनला १२४७ पासनं एक हक्क होता, की नदीनं जाणारा माल इथं उतरवायचा, गावकऱ्यांना तीन दिवस विकायला ठेवायचा, मगच पुढं. गावातल्या नावाड्यांची संघटना एकदम पावरफुल, त्यांच्या परवानगीशिवाय कुणाची नाव वेझरमध्ये शिरायची नाही. त्यांनी पापँची नाव धरली आणि फोडून टाकली. ती नाव वाफेवर चालायची असं पुढं लोकांनी रंगवून सांगितलं, पण चाकं माणसांनीच फिरवायची होती असं अभ्यासक मानतात. वाफेची असो नाहीतर हाताची, नाव मोडली ती मोडलीच. आपल्याकडच्या एखाद्या स्टँडवर बाहेरच्या वडापवाल्यानं सीट भरून दाखवाव्यात, म्हणजे कळेल नावाड्यांना काय वाटलं असेल ते.

दुसरा हिरो डॉक्टर आयझेनबार्ट. हा फिरता शस्त्रक्रिया करणारा, मोतीबिंदू, हर्निया असलं काढायचा, बरोबर शंभराच्या वर माणसांचा ताफा, बँडवाले, विदूषक. रोग्याच्या किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून वाजंत्री जोरात. १७२७ मध्ये म्युंडनलाच एका खाणावळीत वारला आणि तिथंच पुरलाय. पुढं विद्यार्थ्यांनी त्याच्यावर टिंगलीचं गाणं रचलं, की हा आंधळ्यांना चालायला लावतो आणि लंगड्यांना दिसायला लागतं म्हणून! प्रत्यक्षात माणूस कामाचा होता म्हणतात, त्याच्याकडं सरकारी परवाने होते. दुपारी बाराला गावच्या टाऊन हॉलसमोर उभे राहा, घंटा वाजायला लागतात आणि वरच्या खिडकीतनं बाहुल्या बाहेर येऊन डॉक्टरसाहेब एकाचा दात उपटतात. पोरगं खूश होणार. माझ्या शेजारी उभी असलेली साठीची जर्मन बाई पण टाळ्या पिटत होती.

प्रश्न: मी शिरोळ तालुक्यातला. नदीकाठ म्हटलं की आम्हाला आधी महापूर आठवतो. तिथं पूर येतो का, आणि लोक काय करतात?

तुमचा प्रश्न वाचून मला बरं वाटलं, कारण टूरवाले कधी हे सांगत नाहीत. येतो की! सेंट ब्लाझियस नावाचं चर्च आहे, त्याच्या दगडात जुलै १३४२ च्या पुराबद्दल लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय. मध्य युरोपात हजार वर्षांतला सगळ्यात मोठा मानतात तो पूर, नुसती वेझर नाही, ऱ्हाईन, माइन, सगळ्या एकदम. आपण २०१९ आणि २१ ला भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारली, त्यांनी पावणेसातशे वर्षांपूर्वी दगडात कोरली. उत्तरेश्वर पेठेतल्या माझ्या मामांच्या घरात जिन्याच्या सहाव्या पायरीला २०१९ ची खूण आहे, दोन वर्षांनी रंगकाम काढलं तेव्हा पेंटरला आधी सांगितलं, ती तेवढी सोड. त्यामुळं तिथं त्या दगडासमोर उभी राहिले तेव्हा मला गाईडची गरज नव्हती.

आणि एक पूर पावसाचा नाही, माणसानं आणलेला. फुल्डाला वरच्या अंगाला एडर नावाची नदी मिळते, तिच्यावर १९१४ मध्ये पुरं झालेलं मोठं धरण आहे. साधारण त्याच दशकात आपल्याकडं शाहू महाराजांनी राधानगरीचं काम हाती घेतलं होतं, हे आठवून बघा. तर दुसऱ्या महायुद्धात १७ मे १९४३ च्या मध्यरात्रीनंतर ब्रिटिश विमानांनी उसळत जाणारे खास बॉम्ब टाकून ते धरण फोडलं. पाण्याची लाट एडरमधनं फुल्डात, कासेलमधनं म्युंडनपर्यंत आणि पुढं वेझरमध्ये. आपण पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं का ४३ वर, हे मोबाईलवर बघत रात्र काढतो, तर आख्खं धरणच फुटल्यावर खालच्यांचं काय झालं असेल, कल्पना करवत नाही. आता तिथंही प्रत्येक नदीची पातळी दर थोड्या वेळानं नेटवर टाकतात, फुटांऐवजी सेंटिमीटरमध्ये. पूर बहुतेक हिवाळ्यात, बर्फ वितळून वर पाऊस झाला की. तुम्ही मे ते सप्टेंबर जा, काळजी नको. १३४२ चा तेवढा जुलैत आला होता, पण ते सोडा.

पाणी मात्र स्वच्छ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका हां. वेराच्या वरच्या बाजूला पोटॅशच्या मोठ्या खाणी आहेत, आपण उसाला टाकतो त्या जातीचं पोटॅश, आणि तिथलं खारं सांडपाणी वर्षानुवर्षं नदीत सोडत आलेत, त्यामुळं वेरा चक्क खारट आहे. भांडणं, कोर्ट, सरकारी बैठका, सगळं चालूच. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या बातम्या वाचून मोठी झालेली मी, मला वाटलं होतं जर्मनीत तरी हे नसणार.

प्रश्न: आईला नेतोय, वय ६८, गुडघे दुखतात. ती कोल्हापुरी चप्पल सोडून दुसरं घालत नाही. चालेल का? (कळंबा)

चप्पल अजिबात नको, आईंची समजूत काढा. गावभर उभे दगड बसवलेत रस्त्यात, पावसाची एक सर आली की ते असे निसरडे होतात, आपल्या घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांसारखे. चामड्याचा गुळगुळीत तळ त्यावर टिकत नाही. मी स्वतः हौसेनं घालून गेले होते, साडी आणि कोल्हापुरी, फोटोसाठी. पुलावर जाताना पाय सटकला आणि एका आजोबांच्या सायकलीला धरून वाचले, आजोबा आणि सायकल दोन्ही हलले. फोटो छान आलाय पण. रबरी तळाचे, फीतवाले बूट घ्या आणि चप्पल पिशवीत ठेवा, हॉटेलात घालू देत.

बाकी गाव सपाट आहे. स्टेशनपासनं जुन्या गावात चालत दहाएक मिनिटं. टाऊन हॉल, चर्च, नदीकाठचा राजवाडा, वेराचा जुना दगडी पूल, ज्याचा उल्लेख १३२९ पासनं सापडतो, हे सगळं एवढ्याएवढ्यात आहे आणि बसायला बाक भरपूर. टेकडीवरच्या टिलीशांझं नावाच्या मनोऱ्यावर आईंना नेऊ नका, चढ आहे आणि वर परत जिने. तुम्ही एकटे जाऊन या. तीस वर्षांच्या युद्धात १६२६ ला टिली नावाच्या सेनापतीनं गाव लुटून हजारो माणसं मारली, त्याची आठवण म्हणून १८८५ मध्ये बांधलाय. वरनं तिन्ही नद्या एकदम दिसतात. तोवर आई खाली बोटीत बसू देत, उन्हाळ्यात तिन्ही नद्यांमधनं चक्कर मारून आणणाऱ्या बोटी असतात.

प्रश्न: खाण्याचं काय? मिस्टर पक्के शाकाहारी, मी सगळं खाते पण पोर्क नाही. (ताराबाई पार्क)

तुम्हाला मिस्टरांपेक्षा जास्त जपावं लागेल! त्या भागाचा अभिमान म्हणजे 'आले वुर्स्ट', हवेत वाळवलेलं डुकराचं कच्चं सॉसेज, दुकानात पोळ्याच्या माळांसारखं टांगलेलं असतंय. आणि डुक्कर कुठं कुठं लपतं त्याचा नेम नाही. फ्लामकूखन म्हणजे पातळ पोळीवर आंबट क्रीम आणि कांदा, दिसायला शाकाहारी, पण वर बारीक तुकडे असतात ते बेकन. सप्टेंबरात कांद्याचा केक मिळतो, त्यातही तेच. 'ओऽन श्पेक' म्हणजे बेकनशिवाय, हे दोन शब्द पाठ करा, 'श्पेक' चा उच्चार जोरात. पोरांच्या जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतंय, तेही बघा.

मिस्टरांसाठी, अंडं चालत असेल तर: केझश्पेत्झ्लं, म्हणजे शेवयांच्या जाड भावासारखं काहीतरी आणि त्यात भरपूर चीज, वर तळलेला कांदा. बटाट्याचे किसून केलेले वडे, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर देतात, विचित्र वाटतंय पण तिसऱ्या घासाला आवडतं. एप्रिल ते २४ जून या काळात गेलात तर पांढरा श्पार्गल, म्हणजे शतावरीचे जाड कोंब, सगळं गाव त्याच्या मागं वेडं असतं आणि २४ जूनला कापणी बंद म्हणजे बंद. आणि हिरवा सॉस, सात पालेभाज्या आणि हर्ब चिरून आंबट क्रीममध्ये, बरोबर उकडलेले बटाटे आणि अंडी. मला तो लई आवडला, फक्त त्यात लसणाची एक पाकळी आणि मिरची पडली असती तर, असं वाटत राहिलं. तिखटाची डबी न्या. कांदा-लसूण मसाला पावशेर नेला होता मी, भाचीच्या रूममेटनी तिसऱ्या दिवशी संपवला, त्यात एक जण पोलंडचा होता, घाम पुसत खात होता.

तांबडा-पांढरा? नाही हो मिळत. विचारूच नका.

प्रश्न: व्हिसाचं थोडक्यात सांगा. मुलगी तिथं शिकते, तिनं पत्र दिलं की पुरे ना? (इचलकरंजी)

पत्र द्या, पण पुरे नाही. खर्च मुलगी करणार असं दाखवायचं असेल तर तिला तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसातनं हमीपत्र काढावं लागतं आणि त्यासाठी तिचं उत्पन्न लागतं, शिकणाऱ्या पोरीकडं ते कुठनं येणार? त्यापेक्षा तुमचंच बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्सचं रिटर्न, पेन्शनचे कागद लावा आणि मुलीचं पत्र नुसतं राहण्यापुरतं. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत, चालणारा. अर्ज सहा महिने आधीपासनं करता येतो, शेवटची मुदत निघायच्या पंधरा दिवस आधी, पण एवढं ताणू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, ती सोय कोल्हापुरात नाही.

आणि 'सगळं मी बघतो' म्हणणाऱ्या एजंटपासनं सावध. माझ्या पहिल्या अर्जात एकानं माझं हॉटेल बुकिंग भलत्याच देशाचं जोडलं होतं, का तर त्याच्याकडं तेच तयार होतं! खिडकीवरच्या बाईंनी विचारलं तुम्हाला नक्की कुठं जायचंय? मला घाम फुटला. कागद स्वतः वाचा, एकेक.

प्रश्न: दहा दिवसांत सात शहरं बसवली आहेत, त्यात म्युंडनला तीन तास. बरोबर आहे का? (गडहिंग्लज)

चूक आहे. रागावू नका, पण तीन तासांत तुम्ही लॉकर शोधणार, टॉयलेट शोधणार, दगडाचा फोटो काढणार आणि गाडी पकडणार. गाव खरं उघडतं संध्याकाळी सहानंतर, दिवसभराचे पाहुणे गेले की. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. लोक सायकली टेकवून बेटावर बसतात, वेझरच्या काठाकाठानं समुद्रापर्यंत पाचशे किलोमीटरचा सायकलचा रस्ता आहे तो तिथनंच सुरू होतो, त्यामुळं कुणीतरी उद्या सकाळी निघायच्या तयारीत टायरमध्ये हवा भरत असतं. मी दुसऱ्या खेपेला दोन रात्री राहिले, एक अख्खी संध्याकाळ काहीच केलं नाही, रंकाळ्यावर बसतो तशी बसले, भेळ तेवढी नव्हती.

तेव्हा सातातली तीन शहरं खोडा. दोन रात्री म्युंडन, दोन कासेल. कासेलला डोंगरउतारावर मोठी बाग आहे, वर हर्क्युलिसचा पुतळा, जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिथं १ मे ते ३ ऑक्टोबर दर बुधवारी आणि रविवारी वरनं पाणी सोडतात, पंप नाही काही नाही, निव्वळ उतारावर ते पायऱ्यांवरनं, धबधब्यांतनं खाली येत येत शेवटी उंच कारंजं उडतं. तुम्ही पाण्याच्या पुढं पुढं चालत खाली यायचं. बाजूला ग्योटिंगन आहे विद्यापीठाचं गाव, एक दिवस तिथं. एवढं पुष्कळ झालं.

प्रवासाला 'डॉइचलांड तिकीट' काढा, महिन्याचा पास, २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झाला, वाढत वाढत २०२६ पासनं ६३ झालाय. देशभर साध्या गाड्या, बस, ट्राम सगळं चालतं, फास्ट गाड्या चालत नाहीत. मेख अशी की ते दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं, महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल केलं तरच त्या महिन्याअखेर थांबतं. आमच्या गल्लीतले एक जण परत येऊन दोन महिने झाले तरी जर्मनीत फिरतच होते, कार्डावर!

प्रश्न: बारीकसारीक काय लक्षात ठेवायचं? (जयसिंगपूर)

रविवारी दुकानं बंद, म्हणजे पूर्ण बंद, दूधसुद्धा शनिवारी आणून ठेवा. टॉयलेटला पैसे पडतात, पन्नास सेंट, एक युरो, सुट्टे खिशात ठेवा. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतंय, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळतात, चुरगाळून टाकू नका, मशीन घेत नाही. नळाचं पाणी प्यायचं, बिनधास्त. हॉटेलात पाणी मागितलं की सोडा येतो आणि बिल पण येतं. आपली दोन गोल पिनांची चार्जरं तिथं चालतात, तीन पिनांना अडॅप्टर. रोख युरो थोडे जवळ असू देत, छोट्या बेकऱ्यांत कार्ड घेतीलच असं नाही.

प्रश्न: युरोपात जातोच आहोत तर फ्लॉरेन्सला छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे ती पण म्युंडनवरनं बघून येता येईल का? (जुना राजवाडा परिसर)

याच ट्रीपमध्ये नको, मध्ये आख्खा आल्प्स आहे. पण प्रश्न विचारलात म्हणून जीव सुखावला. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंड बघून परत येताना वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये गेले, वय अवघं वीस. तिथं मुलखात कुणी चिता बघितलेली नाही, तरी परवानगी मिळाली, आणि दहन कुठं झालं तर आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर. परक्या गावात बरोबरच्या लोकांनी रात्रीत संगम शोधून काढला बघा. आता तिथं छत्री आहे, आत महाराजांचा अर्धपुतळा, आणि जवळच्या पुलालाही इटालियन लोक 'त्या हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाचं नाव देऊन बसलेत. मी अजून गेलेले नाही. पुढच्या वर्षी भाचीचं शिक्षण संपायच्या आत जायचंय, तेव्हा लिहीन.

प्रश्न: पंचगंगेचं पाणी बाटलीत नेऊन त्या तीन नद्यांच्या संगमात घातलं तर कुणी काही म्हणेल का? सासूबाईंची इच्छा आहे. (शुक्रवार पेठ)

चमचाभर घाला, गुपचूप, कुणी बघत नाही. हार-फुलं, निर्माल्य, दिवा असलं काही सोडू नका मात्र, ते चालत नाही तिथं. बाटली केबिन बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाका, झाकणाला टेप गुंडाळा आणि वर दोन पिशव्यांची गाठ मारा, कारण मी मुंबईहून निघताना लिंबाच्या लोणच्याची बरणी नुसती टॉवेलात गुंडाळून ठेवली होती आणि भाचीसाठी नेलेली नवीकोरी पैठणी अजून ड्रायक्लीनरकडं आहे.